बाळंतविड्यातला कूलर

नागपुरात बाळंत व्हायचंच असेल तर दिवाळीच्या पुढेमागे व्हावं. बाजारात संत्री असतात, सकाळी गारठा असतो, शेगडीचा शेकसुद्धा बरा वाटतो. आमच्याकडे मुहूर्त आला एप्रिल संपता संपता. आता ते काय आपल्या हातात असतं का, पण आजीचं बोलणं ऐकून कोणालाही वाटलं असतं की मी नि नवऱ्यानं कॅलेंडर समोर ठेवून मुद्दाम केलेला कारभार आहे हा. "मागच्या पावसाळ्यात कळत नोतं का तुमाले?" इति आजी.

तर चिरंजीव आले नि मी महाल भागातल्या माहेरी मधल्या खोलीत बाळंतीण म्हणून दाखल झाले. मधली खोली का, तर तिला खिडकी एकच आणि ती घट्ट बंद होते. बाहेर पारा ४४ आणि आत मी, कानाला रुमाल, पायात मोजे, खाटेखाली कोळशाची शेगडी, शेगडीत ओवा, वरून हुकूम की कूलर लावाचा नाही, लेकराले गार हवा लागन. मे महिन्यात नागपुरात गार हवा शोधून दाखवा म्हणावं कोणी, मी त्याला माझे सगळे डिंकाचे लाडू देते! त्या लाडवांचंही सांगायचं तर डिंक, सुंठ, मेथी, खारीक, एकाहून एक गरम पदार्थ, आणि ते खाऊन घामाघूम झालं की आजी खूश, "आंगातला वात निघून राह्यला." बाळ बघायला येणारे मात्र पंख्याखालची खुर्ची पकडून तर्री पोहे हाणायचे. मला मऊ भात नि तूप. तर्रीचा तो वास मधल्या खोलीपर्यंत यायचा आणि मी लसणाची चटणी मागितली तरी लेकराच्या पोटात मुरडा येईल म्हणून आठ जण धावायचे. आमचे एक काका रोज येऊन २३ मे २०१३ ची गोष्ट सांगत, त्या दिवशी नागपुरात ४७.९ झालं होतं म्हणे, हे तर काहीच नाही. त्या 'काहीच नाही'मध्ये माझ्या पोराच्या मानेवर घामोळ्यांची रांगोळी उठली होती.

शेवटी लसीला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमनी पोराची लोकरीची टोपी स्वतःच्या हातानं काढून टेबलावर ठेवली. बंद खोलीत कोळशाची शेगडी अजिबात नाही, तो वायू दिसत नाही नि वास येत नाही पण जीव घेतो, टोपी नाही, मोजे नाही, एक पातळ सुती झबलं, आणि कूलर लावा, फक्त झोत थेट अंगावर नको. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आजी तिथे गप्प बसली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "कालची पोट्टी हाय थे."

कूलर लागला पण पाण्याचा वाद उभा राहिला. कूलरच्या नव्हे, पोराच्या. "एवढ्या उन्हात लेकराले घोटभर पाणी नाही? काहून जीव घेऊन राह्यली त्याचा?" मी सांगायचे की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणी नाही, घुटी नाही, आणि मध तर वर्षभर नाही. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं, दिवसात सहाच्या वर लंगोट ओले होताहेत म्हणजे पोटात पुरेसं जातंय. आजीला ८७ वगैरे पटणारं नव्हतं, पण लंगोटांचा हिशोब पटला, कारण ते धुवायला तीच पुढे. आणि आमच्या मेमध्ये लंगोट वाळत घालायची काय मजा सांगू, दोरीवर शेवटचा टाकेपर्यंत पहिला कडक होऊन पापडासारखा उचलून घ्यावा. उन्हाळ्याचे म्हणून जे काही उपकार आहेत ते एवढेच.

पण खरी गंमत कूलरनं केली. आमचा कूलर म्हणजे जुना पत्र्याचा मोठा डेझर्ट कूलर, बाबांनी दर वर्षी ताट्या बदलून नि बेअरिंगला तेल देऊन जगवलेला, चालू केला की आधी खाकरतो, मग घरघर, मधूनच टक्क. आम्हाला वाटलं पोरगं दचकेल. तर ते पोरगं, जे अंगाईनं झोपलं नव्हतं, मांडीवर नाही, पाळण्यात नाही, माझ्या पाठीचा कणा मोडेपर्यंत खांद्यावर नाही, ते दोन मिनिटांत तोंड उघडं टाकून गाढ! नवजात बाळं दिवसाचे १४ ते १७ तास झोपतात असं वाचलं होतं नि माझा त्यावरचा विश्वास पार उडाला होता, तो त्या दुपारी परत आला. पोटात असताना म्हणे त्यांना आईच्या रक्ताचा असाच घूं घूं आवाज सतत ऐकू येतो. म्हणजे माझ्या आतून नऊ महिने कूलर चालल्याचा आवाज येत होता. असो.

मग लाईट जायची. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर नाही. आवाज थांबला की डोळे टक्क उघडे नि पुढच्या सेकंदाला सायरन. अशा वेळी आमच्या घरात जे व्हायचं ते बाहेरच्यानं बघितलं असतं तर आम्हाला सगळ्यांना एकदमच दाखवायला नेलं असतं. बाबा तोंडानं घर्रर्र, आई ताटलीवर चमचा आपटून टक्क, मी मांडीवर पोर घेऊन घूंऽऽ, आणि आजी, जिनं कूलर लावू दिला नव्हता ती, "तसा नाही वो, थो आवाज जाड हाय, पोटातून काढा." नवऱ्यानं शहाणपणा करून मोबाईलवर कूलर रेकॉर्ड करून ठेवला. उत्तम चालला, फक्त पोरगं झोपायच्या बेतात आलं की हमखास क्रेडिट कार्डवाल्या बाईचा फोन.

दीड महिन्याचं झालं की बाळं ओळखून हसतात, त्या हसण्याची मी किती वाट बघितली असेल. रात्री दूध पाजताना, लंगोट बदलताना, सारखं तोंडासमोर तोंड नेऊन हसून दाखवायचं नि ते मख्ख. एका सकाळी हसलं. तोंडभर, हिरड्या दाखवून, हातपाय झाडत. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून. मी वळून बघितलं तर कूलरच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या वरखाली होत होत्या. मी रडले बाप्पा. मग मीच कूलरला टेकून उभी राहिले, काय करणार, तर हसता हसता त्याची नजर माझ्यावर आली नि ते आणखी जोरात हसलं. तो वाटा माझाच होता, कोणी काही म्हणो.

पाऊस लागल्यावर कूलरचा उपयोग संपतो, हवेतच ओल असल्यावर तो बिचारा गारवा कुठून आणणार, नुसती चिकचिक. सगळ्या नागपूरचे कूलर बंद झाले, आमचा बिनपाण्याचा फिरत राहिला, आणि दोरीवरचे लंगोट आता वाळत नव्हते म्हणून ते कूलरपुढे टांगले. जुलैअखेर सासरी, मानेवाड्याला जायचं ठरलं. सासरी एसी आहे, चांगला, अजिबात आवाज न करणारा. म्हणजे आमच्या दृष्टीनं कुचकामी.

मग काय, पुढे कारमध्ये मी, नवरा नि पोर, मागे छोटा हत्तीत ताडपत्री बांधलेला कूलर, अशी वरात निघाली. दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. त्यांनी पोरावरून ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं, आणि मागून दोन माणसं कूलर उचलून आणताना बघून तशाच थांबल्या. "अगं, हा कशाला?"

मी काही बोलायच्या आत गॅलरीतून शेजारच्या काकू कडाडल्या, "पाहा बाप्पा! लोकं बाळंतविड्यात आंगडं-टोपडं देतात, फार तर चांदीचे वाळे, यायनं तर कूलर देल्ला! नाहीतर आमचे व्याही, पंखा नाही देल्ला कधी!"