वर काय आहे?

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला एक खोड असते: एवढं चढल्यावर वर काहीतरी असलंच पाहिजे. पाण्याचं टाकं, शेंदूर फासलेला देव, गेलाबाजार एखादी गंजकी तोफ. ती खोड घेऊनच मी मित्रांबरोबर ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर गेलो.

कोस बेटावरून फेरीने पोथिया बंदरात उतरलो. इथले पुरुष पूर्वी सपाट दगड हातात धरून समुद्रात उडी मारायचे. दगडाच्या वजनाने तळ गाठायचा, स्पंज कापून आणायचा. १९९६ साली आंद्रेआ दी बारी नावाचा इटालियन क्लाइंबर इथे सुट्टीला आला, त्याची नजर कड्यांवर गेली, आणि आता जगभरची माणसं दगड धरून वर जायला येतात. स्पंजवाल्यांच्या हाती निदान काही लागायचं.

मासुरी गावाच्या वरच्या कड्याखाली म्होरक्याने मला बूट दिले. दोन नंबर लहान.

“बोटं दुमडलीच पाहिजेत. सोपा रूट आहे, पाच ग्रेडचा.”

सोपा! आपला काळा कातळ कसा, खडूस असला तरी ओळखीचा. हा चुनखडीचा. कुठे सुरीसारखी धार, कुठे छतातून लोंबणाऱ्या हत्तीच्या सोंडा. “सोंडेला मिठी मार!” खालून सूचना. मारली. बारा मीटरवर पाय लटलटायला लागले.

“रोप टाइट!” मी किंचाळलो.

“फोटो? थांब, काढतो!” खाली माझा दोर सांभाळणारा मित्र म्हणाला.

“दोन्ही हात दोरावर ठेव, नालायका!”

समोर तेलेंदोस बेट दिसत होतं. पूर्वी ते कालिम्नोसलाच जोडलेलं होतं म्हणे, इ.स. ५५४ च्या भूकंपात तुटलं. माझीही पकड त्याच बेतात होती.

शेवटी दोन बोल्ट आणि एक कडी आली.

“झालं! ये खाली!”

“अरे, पण वर?”

“वर काय? रूट संपला.”

कडा तर अजून निम्मा बाकी होता. कमरेला दोर बांधून लोंबकळत मी वर पाहिलं. टोकावर एक बकरी. ना दोर, ना बूट. गळ्यातली घंटा हलवत, काहीतरी चघळत माझ्याकडे बघत होती.

रात्री आईचा फोन.

“चढलास ना नीट? वर कुठला देव होता रे?”

“देव नव्हता. बकरी होती.”

“अगंबाई! नवसाची?”