एसटीचं अर्धं तिकीट आणि पेट शॉप बॉइज

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा थोडं पटलं. ‘पेट शॉप बॉइज’ या ब्रिटिश पॉप जोडीच्या ‘नॉनदलेस’ या अल्बमवरचा माझा लेख म्हणजे ‘ज्येष्ठ नागरिक सवलत’ आहे, म्हाताऱ्यांनी काहीही वाजवलं तरी समीक्षक माना डोलावतात, हा तुमचा मुख्य आरोप. आधी हिशेब करू. एप्रिल २०२४ मध्ये अल्बम आला तेव्हा गायक नील टेनंट ६९ वर्षांचा होता, त्याचा जोडीदार क्रिस लो ६४चा. म्हणजे आपल्या एसटीच्या नियमानं एकाला अर्धं तिकीट, दुसऱ्याला पूर्ण!

चूक मान्य करतो. ‘पुन्हा फॉर्मात’ हे शब्द मी वापरायला नको होते. त्यांच्या २०१३च्या ‘इलेक्ट्रिक’ अल्बमच्या वेळीही सगळे हेच लिहीत होते. दर दहा वर्षांनी फॉर्मात येणारा माणूस मधल्या काळात नेमका कुठे जातो, हे कुणी सांगत नाही. ‘श्लागर हिट परेड’ या गाण्याबद्दलही तुमचं बरोबर आहे. जर्मन लोकांच्या त्या गुळचट, टाळ्या वाजवत म्हणायच्या गाण्यांची थट्टा करता करता ते गाणं स्वतःच गुळचट झालंय. मी एका ओळीत उरकलं, कारण बोलायला फारसं काही नव्हतं.

पण ‘तेच ते वाजवतात’ हे मात्र मान्य नाही. आधीचे तीन अल्बम स्टुअर्ट प्राइसनं केलेले, त्यांतलं बरंचसं डान्स फ्लोअरसाठी. इथे निर्माता जेम्स फोर्ड आहे, आणि सिंथेसायझरच्या जोडीला ऑर्केस्ट्रा. ‘अ न्यू बोहेमिया’ हे गाणं हेडफोन लावून ऐका. व्हायोलिनं नुसती मागे पसरलेली नाहीत, टेनंटचं वाक्य संपलं की पुढचं तीच बोलतात.

‘आवाजही तोच, सपाट’ असं तुम्ही लिहिलंय. सपाट आहेच की! त्यांचं ‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे गाणं जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं तेव्हा हा माणूस ३१ वर्षांचा होता, आणि त्याआधी ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या पाक्षिकात संपादकीय खुर्चीत बसून इतरांच्या गाण्यांवर लिहीत होता. तो पहिल्यापासून कडेला उभा राहून बघणाऱ्याचाच आवाज. असा आवाज वयानं थकत नाही.

त्यासाठी याच अल्बममधलं ‘न्यू लंडन बॉय’ परत ऐका. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनात आलेला पोरगा. मध्येच टेनंट ‘वेस्ट एंड गर्ल्स’सारखा बोलल्यासारखा रॅप करतो. स्किनहेड, म्हणजे डोकं भादरलेली दांडगट पोरं त्या पोराच्या बायकीपणावरून टोमणे मारतात, पण याच्या पिशवीत वीट आहे. तुम्ही याला स्वतःचीच नक्कल म्हणता. मला वाटतं, वयाच्या तिशीत त्याला हे इतकं उघड म्हणता आलं नसतं.

ब्रिटनमध्ये हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, हा पुरावा म्हणून मी दिलाच नव्हता. पहिल्या आठवड्यात निष्ठावंतच खरेदी करतात, माझ्यासकट.

शेवटी तुम्ही विचारलंय, एवढे पैसे घालून एलपी घेऊ का? नको. आधी ‘डान्सिंग स्टार’ ऐका. १९६१ मध्ये पॅरिसच्या विमानतळावर सोव्हिएत पहारेकऱ्यांच्या हातून निसटलेल्या बॅले नर्तक नुरेयेववरचं गाणं, आणि चाल मात्र सुट्टीवर निघाल्यासारखी. ही विसंगती गंमतशीर वाटली तर घ्या. वैतागवाणी वाटली तर तुमचे पैसे वाचले.