ॲडीच्या मुलाचा विरोध
अमेरिकी लेखक केंट हॅरुफ यांच्या 'अवर सोल्स ॲट नाइट' (2015) या कादंबरीवरील आपला लेख आवडला. मात्र नायिका ॲडी आणि लुईस यांच्या सोबतीला असलेला ॲडीच्या मुलाचा विरोध आपण एका वाक्यात निकालात काढला, हे पटले नाही. रात्र सरत नाही, गप्पांपुरती सोबत हवी, असे सत्तरीची ॲडी शेजारच्या लुईसला सरळ सांगते आणि नातवाची भेट बंद करण्याचा धाक दाखवून मुलगा तीच सोबत तोडतो. कादंबरीचे खरे दुःख तेथे आहे. आमच्या नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर दोन एकटी वृद्ध माणसे रोज शेजारी बसू लागली, तरी कुजबुज सुरू होते. शिवाय लग्न करावे म्हटले, तर कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 नुसार पुनर्विवाह केल्यास विधवेचे निवृत्तिवेतन थांबते. मराठीत कोणी अशी कादंबरी लिहिली, तर हा पेच तिच्यात अवश्य यावा.