कल्हईवाल्यावर लक्ष ठेव!

आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी कोणीतरी गहिवरतं. ‘कुठे गेली ती वखार, कुठे गेला तो कल्हईवाला!’ खाली रडक्या चेहऱ्यांची रांग. माझं निरीक्षण असं की, या गहिवरणाऱ्यांपैकी एकानेही लहानपणी वखारीतून लाकडं वाहिलेली नाहीत. ती मी वाहायचो. १९७५च्या सुमाराला वाड्यात शेंडेफळ असणं म्हणजे बिनपगारी हमाल असणं.

वखारीत बंबासाठी ढलप्या आणायला जायचं. पावसाळ्यात त्या ओल्याच निघायच्या. घरी धूर झाला की आई म्हणणार, “बघून आणता येत नाही? जा, बदलून आण.” वखारवाला म्हणणार, “पाऊस काय मी पाडतो?” या दोघांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं, पण एकमेकांसमोर ती दोघं कधीच आली नाहीत. निरोपांची ने-आण माझ्या पायांनी व्हायची.

त्याहून वाईट स्टोव्ह दुरुस्तीवाला. पितळी स्टोव्ह पुढ्यात ठेवला की हा फौजदारासारखा विचारायचा, “पिन कोणी मारली?” वायसर वाळलेला असायचा, बर्नर चोंदलेला असायचा आणि गुन्हा माझा असायचा. मग ठरलेलं उत्तर, “उद्या ये.” स्टोव्ह त्याच्याकडे, म्हणजे घरी शेगडी. शेगडी म्हणजे कोळसा. कोळसा म्हणजे पुन्हा वखार!

एकच धंदा असा होता की तिथे मी आपणहून जायचो, तासावर सायकल घ्यायला. तिथे आधी “कोणाचा रे तू?” व्हायचं, मग वडिलांचं नाव वहीत, मग मडगार्डवर नंबर रंगवलेली, ब्रेक नावापुरते असलेली सायकल. दुकानातलं घड्याळ पुण्यातल्या इतर घड्याळांपेक्षा वेगात धावायचं. पंक्चर आधीपासूनच होतं हे सिद्ध करणं तर कुठल्याही वकिलाला जमलं नसतं.

पण खरी शिक्षा कल्हईची. कल्हईवाला नागनाथ पाराकडून ओरडत आला की वाड्यातल्या साऱ्या बायकांची पितळी पातेली बाहेर यायची. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी किंवा ताक ठेवलं की कळकतं, त्यामुळे ते लांबणीवर टाकता यायचं नाही. तो रस्त्याकडेला खड्डा करून भाता लावायचा. पातेलं तापवून नवसागर भुरभुरवायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने ते असं फिरवायचा की काळंपिवळं भांडं क्षणात रुपेरी व्हायचं. मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र. बघण्यासारखं होतं, कबूल. पण मला बघायला नव्हे, पहाऱ्याला बसवलेलं असायचं. “कथील कमी लावतात मेले, डोळ्यांत तेल घालून बघ.” डोळ्यांत जायचा तो नवसागराचा पांढरा धूर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं हे मी पुढे शाळेत शिकलो. माझ्या नडगीला ते आधीच ठाऊक होतं.

आणि एवढं करून आई पातेलं उजेडात धरून म्हणणार, “इथे बघ, राहिलंय. लक्ष कुठे होतं तुझं?”

मग गॅस आला, स्टील आलं, वाडे पडले आणि मी सुटलो. आता वखारीच्या जागी कॅफे आहे. तिथे लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा मिळतो. एका पिझ्झ्याच्या पैशांत तेव्हा आमचा बंब हिवाळाभर पेटला असता. लाकडं मात्र कोरडी असतात, मी आत जाऊन पाहून आलो. सायकलवाल्याच्या जागी जिम झाली. तिथे आजही सायकली भाड्यानेच मिळतात, पंक्चर होत नाहीत आणि जागच्या हलतही नाहीत.

सगळं सुरळीत चाललं असताना मागच्या दिवाळीत सुनेने ऑनलाइन पितळेचं पातेलं मागवलं. पितळेत शिजवलेलं म्हणे आरोग्याला चांगलं असतं. संक्रांतीपर्यंत त्याची कल्हई उडाली आणि घरातल्या तमाम नजरा निवृत्त माणसाकडे वळल्या. पेठेत चौकशी केली, तर एका दुकानातल्या पोराने विचारलं, “कल्हई म्हणजे कुठला ब्रँड, काका?”

शेवटी पिशवीत पातेलं घालून कसबा पेठेतली तांबट आळी गाठली. तिथे पेशवाईपासूनची ठोकाठोक अजून चालू आहे. कारागीर भला माणूस. म्हणाला, “काका, धुरात कशाला उभे राहता? ठेवून जा, झालं की फोन करतो.” मी म्हटलं, “नको, थांबतो. घरून तसं सांगितलंय.” त्याने नवसागर टाकला. मी खोकलो. बाकी धंदे काळाच्या ओघात बदलतात. हा धूर जसाच्या तसा आहे.

घरी आल्यावर सुनेने पातेलं खिडकीशी नेलं, तिरकं करून आत निरखलं आणि म्हणाली, “बाबा, या कडेला जरा कमी लागलीय का हो? तुम्ही तिथेच होता ना?”