ओहम अर्धे केले की वॅट फुकट मिळत नाहीत

सोलापुरातल्या गाडीवाल्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडेच तो चार वेगवेगळ्या जणांकडून आला. थोडक्यात असा: "ओहम अर्धे केले की वॅट दुप्पट. सगळ्या कॉइल पॅरलल मारा, ॲम्प पूर्ण ताकद देतो. मोनो ॲम्पला स्पीकरच्या वायरी लावायच्या दोन जोड्या असतात, दोन वूफर वेगवेगळ्या जोडीला लावले की लोड वाटला जातो. फ्यूज उडाला तर मोठा टाका. मीटरवर चार ओहमऐवजी साडेतीन आलं तर कॉइल गेली समजा." गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमचं फिटिंग आणि दुरुस्ती हेच माझं रोजचं काम आहे. नवख्यांसाठी सांगतो: ॲम्प म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, मोनो म्हणजे एकाच चॅनलचा, वूफर म्हणजे जाड आवाजाचा स्पीकर, कॉइल म्हणजे त्यातली तांब्याची गुंडाळी, ओहम म्हणजे ती करंटला करते तो विरोध, आणि पॅरलल म्हणजे सगळे प्लस एकत्र, सगळे मायनस एकत्र. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पोरांना पटतं. फ्यूजचं वाक्य तर गाडी पेटवू शकतं.

ओहमचा हिशेब आधी घेऊ. ॲम्पमधून 20 व्होल्ट बाहेर येतायत असं धरा. 4 ओहमच्या वूफरला 5 अँपिअर करंट जातो, 100 वॅट होतात. 2 ओहमला 10 अँपिअर, 200 वॅट. 1 ओहमला 20 अँपिअर, 400 वॅट. इथवर मेसेज बरोबर. पण तो वाढलेला करंट ॲम्पच्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधूनच जातो, आणि त्यांच्या स्वतःच्या रेझिस्टन्समुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट चौपट, तर ती उष्णता सोळापट. कंपनी ॲम्पवर किमान ओहमचा आकडा छापते तो यासाठी. त्या आकड्यापर्यंत जायला काहीच हरकत नाही, त्याच्या खाली मात्र जायचं नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश असतात. दुपारभर उन्हात उभ्या गाडीत, सीटखाली कोंबलेला ॲम्प चालू व्हायच्या आधीच तापलेला असतो.

एवढं करून हाती काय येतं? वॅट दुप्पट झाले की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला "दुप्पट" वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

एप्रिलमध्ये विजापूर रोडचा एक मुलगा बंद पडलेला ॲम्प घेऊन आला. दोन वूफर, दोन्ही डबल कॉइल, प्रत्येक कॉइल 2 ओहमची. मेसेज वाचून त्याने चारही कॉइल पॅरलल मारल्या होत्या. झाले अर्धा ओहम! ॲम्पच्या पाठीवर मात्र स्वच्छ छापलेलं होतं, किमान 2 ओहम. झाकण उघडल्याबरोबर जळका वास आला. उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकला चिकटलेल्या रांगेतले दोन मॉसफेट, म्हणजे तेच आउटपुट ट्रान्झिस्टर, मधोमध तडकलेले, त्यांच्याखालची प्लेट तपकिरी झालेली. आधी काही दिवस प्रोटेक्टचा लाल दिवा लागत होता, तेव्हा बंद करून परत चालू करायचो, असं तो म्हणाला. तो दिवा म्हणजे ॲम्प हात जोडून थांबा म्हणत होता.

दुरुस्तीनंतर वूफर तेच ठेवले, फक्त वायरिंग बदललं. एका वूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये जोडल्या, म्हणजे पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला. 2 अधिक 2, झाले 4 ओहम. दुसऱ्याचंही तसंच. मग हे दोन 4 ओहमचे वूफर एकमेकांना पॅरलल, म्हणजे बरोबर 2 ओहम. यासाठी एक रुपयाचं सामान लागलं नाही.

आता मोनो ॲम्पच्या दोन जोड्या. त्या केवळ वायर लावायच्या सोयीसाठी असतात, आतून एकच आहेत. खात्री करायची असेल तर ॲम्पच्या सगळ्या वायरी काढा, मीटर बझरवर ठेवा आणि दोन्ही प्लसना टोकं लावा. बीप वाजेल. म्हणजे 4 ओहमचे दोन वूफर वेगवेगळ्या जोडीला लावले तरी ॲम्पला 2 ओहमच दिसणार. दोन चॅनलचा ॲम्प ब्रिज करताना, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच वूफर चालवतानाही असंच फसायला होतं: ब्रिजमध्ये 4 ओहम लावले की प्रत्येक चॅनलला 2 ओहमचा भार पडतो. ब्रिजचा किमान आकडा वेगळा छापलेला असतो, तो बघा.

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर 60 अँपिअरची आणि फ्यूज 100 चा टाकला, की फ्यूज उडायच्या आधी वायरचं प्लास्टिक वितळतं, आणि ती वायर कार्पेटखालून गेलेली असते. त्यात बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर खूप विकली जाते. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा ती कमी करंट झेलते. फ्यूज वायरच्या ताकदीचाच हवा आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. पुन्हा पुन्हा उडत असेल तर ओहम तपासा. खरोखरचे 1000 वॅट देणारा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प पूर्ण जोरात बॅटरीकडून 90 अँपिअरच्या आसपास ओढतो. छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर वीज बनवणारा जनरेटर, साधारण तेवढाच किंवा त्याहून लहान असतो, आणि त्याच्यावर एसीचे पंखेही चालतात. मे महिन्यात एसी बंद करून कोण फिरणार?

राहिला मीटर. साडेतीन दिसणं अगदी बरोबर आहे. मीटर मोजतो तो कॉइलच्या तांब्याचा डीसी रेझिस्टन्स. छापलेले 4 ओहम म्हणजे इम्पीडन्स, आवाज चालू असतानाचा एकूण विरोध, तो आवाजाच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो, म्हणून एक ठरावीक आकडा छापतात. 4 ओहमची चांगली कॉइल मीटरवर 3.2 ते 3.8 दाखवते. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

विजापूर रोडच्या त्या मुलाला मी वायर लगेच ॲम्पला लावू दिली नाही. आधी मीटर हातात दिला. टोकाला टोक लावून मीटरच्या लीडचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स बघ म्हटलं, 0.2 आला. मग वूफरकडून आलेल्या दोन वायरींवर मोजलं, आकडा 2.0. लीडचे वजा केले, 1.8.

"दादा, दोनच्या खाली आलं की, चालतंय का?"

चालतंय, म्हटलं. ॲम्पवरचे 2 ओहम वूफरवर छापलेल्या आकड्याच्या हिशेबानेच दिलेले असतात, मीटरच्या नाही. मीटर फक्त जोडणी चुकली नाही ना ते सांगतो. चारही कॉइल पॅरलल राहिल्या असत्या तर तिथे 0.45 दिसलं असतं. त्याने वहीच्या पानावर 1.8 लिहून घेतलं आणि मग वायरी ॲम्पला कसल्या.