आमचं पितळ

टेक्सासात राहून बंदुकीला हात न लावणं म्हणजे मालवणात राहून मासे न खाण्यासारखं आहे, असं मी बायकोला पटवून बरीच वर्षं झाली. मग पाठोपाठ रीलोडिंग आलं. म्हणजे झाडलेल्या काडतुसाची पितळेची केस फेकायची नाही, बुडातली फुटलेली ठिणगीची टिकली म्हणजे प्रायमर काढायचा, केस प्रेसवर डाय नावाच्या साच्यातून दाबून परत मापात आणायची, नवा प्रायमर, मोजून पावडर, वर गोळी, की झालं काडतूस तयार. बायकोला सांगितलेलं कारण अर्थातच पैसे वाचतात. जगातला प्रत्येक रीलोडर बायकोला हेच सांगतो आणि मग वाचलेल्या पैशात दुप्पट गोळ्या झाडतो.

खरं कारण म्हणजे गॅरेजमधली शांतता. ऑफिस नाही, व्हॉट्सॅप नाही, नुसता प्रेसचा दांडा खाली-वर. ती शांतता कार्टी सामील झाल्या दिवशी संपली.

थोरली चौदाची, धाकटा दहाचा. दोघांनी आधी सेफ्टीचे नियम पाठ केले आणि मग ते माझ्यावर वापरायला सुरुवात केली. निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही हा नियम रेंजवर मी स्वतः शंभरदा बजावलेला, मान्य आहे, पण परवा दुकानात बिलिंगच्या मशीनवर मी तो बारकोडचा स्कॅनर उचलला तर धाकटा भर लाइनीत ओरडला, "बाबा, फिंगर!" मागची बाई दचकून दोन पावलं मागे सरली. घरात सिंकच्या कडेला सिलिकॉन भरत होतो तेव्हा पण तेच, त्या सिलिकॉनच्या गनचं तोंड आईकडे वळलं म्हणून मला काम थांबवून ती खाली ठेवायला लावली. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलीय, तिला वाटलं नातू चांगल्या वळणाचा आहे.

रेंजवर शनिवारी आमचं मुख्य काम नेमबाजी नसून वेचणी असतं. सीझ फायर झालं, बंदुका रिकाम्या करून सगळे मागे सरले की आम्ही तिघं खाली वाकून पितळ गोळा करतो आणि शेजारच्या लेनवाला आमच्याकडे दयेने बघतो. (त्याची परवानगी घेऊन त्याचंही उचलतो, एवढी लाज कधीच सोडलीय.) घरी आल्यावर वर्गवारी. नाइन एमएमच्या काडतुसाची केस 19 मिलिमीटर लांब आणि थ्री-एटीची 17, बाकी दिसायला जुळ्या बहिणी. मला त्यासाठी चष्मा, वर टेबललॅम्प, आणि तरी दोन-चार सुटतातच. धाकटा टीव्ही बघता बघता बोटांनी निवडतो आणि माझ्या बादलीतून थ्री-एटी काढून मुकाट्याने समोर ठेवतो. तो मुकाट्याचा भाग जास्त लागतो.

त्यानंतर पितळ घासून चकचकीत करायला टंबलर नावाच्या यंत्रात घुमवायचं. त्यात दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा घालतात. मी तो पैसे मोजून पिशवीने विकत आणतो हे ऐकून आई बराच वेळ काही बोललीच नाही.

पावडर भरताना बेंचवर बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, कारण लक्ष उडालं आणि एका केसमध्ये दोनदा पावडर पडली तर बंदूक आणि हात दोन्ही जायची पाळी. पन्नास केसेस ठोकळ्यात उभ्या करून धाकटा एकेकीत टॉर्च मारून आत बघतो, अगदी डेंटिस्टाच्या थाटात. परवा नेमकी तेव्हाच आई गरम चकल्यांची डिश घेऊन आली. थोरली हात आडवा करून, "आजी, थांब! इथे लेड असतं, खायचं नाही." आई तशीच दारात. मी आशेने बघतोय. तर म्हणे बाबा, आधी साबणाने हात धू, आणि हे पन्नास झाल्याशिवाय उठायचं नाही. झाले तेव्हा डिशमध्ये अर्धी चकली होती.

आईला एकच गोष्ट आवडली, वजनकाटा. इथे सगळं ग्रेनमध्ये, एका ग्रॅमला 15.43 ग्रेन. मी सांगितलं की इंग्रजांनी 1833 मध्ये आपला तोळा बरोब्बर 180 ग्रेनचा ठरवला होता, आणि रायफलची 180 ग्रेनची गोळी तिच्या हातावर ठेवली. तिने सोनाराकडे करतात तशी तळहातावर खालीवर केली. "एक तोळा शिसं," म्हणाली, "आणि ते पण फेकून द्यायला?"

आता हिशोबाचं. मुलं सगळ्यात जास्त उडवतात पॉइंट टू-टू, आणि तीच नेमकी घरी भरता येत नाही, तिचा प्रायमरचा मसाला केसच्या कडेतच भरलेला असतो, एकदा वाजली की भंगार. म्हणजे मी रात्री बसून नाइन एमएमवर जे वाचवतो ते धाकटा शनिवारी सकाळी टू-टूवर उडवून मोकळा होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण थोरलीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्प्रेडशीट केली, प्रेस, डाय, टंबलर, काटा, मक्याचा भुगा सगळं घातलं आणि माझ्या बायकोला दाखवली. पितळ उघडं पडलं.

बायको काहीच बोलली नाही. नुसती हसली. थोरलीच म्हणाली, खर्च भरून काढायचा तर स्पीड वाढवावा लागेल, वाढदिवसाला मला दागिना नको, दांड्याच्या प्रत्येक झटक्याला एक काडतूस देणारा प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्या. तो कुठे ठेवायचा तेही तिने बघून ठेवलंय. माझी खुर्ची असते तिथे.