‘आवड जपा, पैसा आपोआप येईल’: घरगुती ऑनलाइन धंद्यापुरतं तरी हे खरं नाही

रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. घरून ऑनलाइन धंदा सुरू करणाऱ्यांना त्यात सल्ला असा: ‘पैशामागे धावू नका. मनापासून आवडतं तेच करा, पैसा आपोआप येईल. पैशासाठी सुरू केलेला धंदा टिकत नाही. आवड असली की थकवा येत नाही. पहिलं वर्ष हिशेब पाहूच नका. ऑनलाइनला भांडवल लागत नाही. झटपट पैसा म्हणजे सापळा.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण याच भरवशावर कुणी वहिनी दिवाळीच्या तोंडावर घरातले तीस-चाळीस हजार चकलीत घालतात, आणि देवदिवाळीला किती उरले ते त्यांना सांगता येत नाही. म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासून पाहायला हवं.

‘आवडतं तेच करा, पैसा आपोआप येईल’

या वाक्यामागे बहुतेक वेळा ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांचं २००५ सालचं स्टॅनफर्डमधलं भाषण उभं केलं जातं. आवडीचं काम शोधा, असं ते त्यात म्हणाले हे खरं. पण त्यांची स्वतःची कंपनी कशी उभी राहिली? १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाइट शॉप नावाच्या दुकानाने जोडून तयार असलेले ५० संगणक प्रत्येकी ५०० डॉलरला मागितले. त्या एका ऑर्डरीमुळे छंदाचा धंदा झाला. ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी १९९४ मध्ये ऑनलाइन विकण्याजोग्या वीस वस्तूंची यादी केली आणि पुस्तकं निवडली, कारण छापील पुस्तकं इतकी प्रकारची असतात की कुठलंही एक दुकान ती सगळी ठेवू शकत नाही. त्या निवडीमागचा विचार गिऱ्हाईकाची अडचण काय, हा होता.

इंदुरात हे जास्तच लागू आहे. शेव आवडीने करणारे आणि खाणारे इथे गल्लोगल्ली आहेत, पण म्हणूनच घरच्या शेवेला भाव मिळणं कठीण. ताजी शेव कोपऱ्यावर, घाण्यावरून उतरलेली मिळते. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी यांचं तसं नाही. रायपूर, जबलपूर, कोटा इथल्या मराठी घरांना ती जवळच्या वाण्याकडे सहज मिळत नाहीत. तुम्हाला शेव करायला आवडते की मसाला, यापेक्षा कोणत्या घरात कोणती बरणी रिकामी आहे, हे आधी पाहा. दोन्ही जुळलं तर फारच छान.

पाककृतींचे व्हिडिओ करून पैसा ‘आपोआप’ येईल म्हणणाऱ्यांसाठी एक गणित. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सदस्य आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते. (शॉर्ट्सची अट वेगळी आहे, नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यू.) ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. प्रत्येकाने सरासरी तीन मिनिटं पाहिलं असं धरलं तर ८०,००० वेळा व्हिडिओ पाहिला जायला हवा, आणि इथे कमाई फक्त सुरू होते.

‘पहिलं वर्ष हिशेब पाहूच नका’

आमच्या मते या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हे आहे. दुकानात तोटा गल्ल्यात दिसतो. ऑनलाइन धंद्यात तो दिसत नाही, कारण गिऱ्हाईकाचे पैसे आधी येतात आणि कुरिअर, परतीचा माल, कमिशन यांचे आकडे मागाहून, तुकड्यातुकड्याने येतात. वर्षभर पाहिलं नाही तर तोटा वर्षभर साचतो.

भाजणीच्या चकलीचं अर्धा किलोचं पार्सल घेऊ. भाव घरपोच ३८० रुपये. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. चकली राज्याबाहेर पाठवायची तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. नमकीनवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. तो वजा केला की हातात ३६२ राहतात. भाजणी आणि तेल ७५, गॅस १२, हाताखालच्या बाईंची किंवा तुमची स्वतःची मजुरी ४०, पाकीट-लेबल-खोका ३८, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) दोन टक्क्यांनी ८. झाले १७३. आता कुरिअर.

कुरिअरवाले वजन दोन तऱ्हांनी काढतात: काट्यावरचं, आणि आकारावरून. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. जे जास्त भरेल त्याचे पैसे, तेही बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्यात. चकली पोकळ, त्यामुळे खोका मोठाच लागतो. २५ × २० × १२ चा खोका घेतला तर आकाराचं वजन १.२ किलो, म्हणजे दीड किलोचे पैसे. पहिल्या अर्ध्या किलोला ४५ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्याला ३८ धरले तर १२१ रुपये. एकूण खर्च २९४, उरले ६८.

तोच माल २२ × १८ × १२ च्या खोक्यात बसवला तर आकाराचं वजन ०.९५, म्हणजे एक किलोचे ८३ रुपये. उरले १०६. चव तीच, मेहनत तीच, लांबीत तीन आणि रुंदीत दोन सेंटीमीटर कमी, आणि नफा दीडपटीहून जास्त. मात्र खोका ठासून भरला आणि बाजू फुगून २३ × १९ झाल्या, की वजन १.०५ भरतं आणि पुन्हा दीड किलोचे पैसे पडतात. कुरिअरच्या केंद्रावर मोजणी यंत्राने, बाहेरून होते. म्हणून टेप लावल्यावर खोका पुन्हा मोजायचा, आणि मोजपट्टीसकट फोटो काढून ठेवायचा. वजनाच्या वादात तोच कामी येतो.

आता कॅश ऑन डिलिव्हरी. फ्लिपकार्टने ती २०१० मध्ये आपल्याकडे रुळवली आणि गिऱ्हाईकाला तिची सवय झाली. मोठ्या खोक्याच्या त्याच हिशेबात गेटवेचे ८ वाचतात, पण रोख वसुलीचे ३५ धरा. उरतात ४१. दहा ऑर्डरींत दोन परत आल्या, असं समजा. जाण्याचे १२१, येण्याचे १२१, आणि परत आलेली चकली मोडलेली म्हणून मालाचे १६५ गेले. एका परतीमागे ४०७, दोन्हींचे ८१४. बाकीच्या आठांनी मिळवून दिले ३२८. दहा पार्सलं पाठवून ४८६ रुपये खिशातून गेले, आणि गटावर मात्र ‘दहा ऑर्डरी झाल्या’ म्हणून अभिनंदन.

खाण्याच्या मालाला सुरुवातीला कॅश ऑन डिलिव्हरी ठेवूच नये. ठेवायचीच असेल तर पार्सल निघण्याआधी फोन करून पत्ता पक्का करावा आणि निदान कुरिअरपुरते पैसे आगाऊ घ्यावेत.

याच तऱ्हेने गोडा मसाल्याचा हिशेब मांडून पाहा. पाव किलोचं पाकीट १५ × १२ × ६ च्या खोक्यात बसतं, आकाराचं वजन जेमतेम २१६ ग्रॅम, कुरिअर पहिल्याच टप्प्यात. माल मोडत नाही, महिनोन् महिने टिकतो, आणि बरणी संपली की गिऱ्हाईक स्वतःहून परत येतं. अख्खे मसाले इंदूरच्या सियागंज बाजारातून ठोक भावाने मिळतात. चकली करणं ज्यांना आवडतं त्यांनी ती जरूर करावी, पण मसाल्याच्या गिऱ्हाईकाला दिवाळीत जोड म्हणून.

‘आवड असली की थकवा येत नाही’

येतो. चाळीस किलो भाजणी मळून सोऱ्या फिरवल्यावर हात दुखतोच, आणि मग चुका होतात. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे घाईत कोमट चकली पाकिटात भरणं. आत वाफ धरते, चौथ्या दिवशी चकली मऊ पडते आणि रायपूरहून फोन येतो. चकली जाळीवर पसरून पूर्ण गार व्हायला दोन-तीन तास द्यावे लागतात, पावसाळी हवेत पंख्याखाली बंद खोलीत. दुसरी चूक तेलाची. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ताज्या चकलीलाही लवकर खवट वास येतो. तेल पुन्हा पुन्हा तापल्याने त्यात जी खराब द्रव्यं (ध्रुवीय संयुगं) साचतात, त्यांची मर्यादा एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने २५ टक्के ठरवली आहे. घरी ते मोजणं होत नसेल तर साधा नियम ठेवा: तेल दाट झालं, फेस धरू लागलं, कमी आचेवर धूर देऊ लागलं की बदलायचं. तिसरी चूक पारदर्शक पाकिटाची. उजेडाने तेल लवकर खराब होतं, म्हणून आतून चंदेरी थर असलेलं जाड पाकीट घ्यावं.

‘किती दिवस टिकेल’ हे अंदाजाने छापू नये. एकाच घाण्याची आठ पाकिटं बाजूला ठेवून दर आठवड्याला एक फोडा. ज्या आठवड्यात वास किंवा मऊपणा जाणवेल त्याच्या दोन तृतीयांश मुदत लेबलावर द्या. हे काम कुणाला आवडत असेल असं वाटत नाही, पण फराळाच्या धंद्यात नाव याच कामावर टिकतं.

आणि आवड आधी असावीच लागते, हेही गृहीत धरू नका. जर्मनीतल्या उद्योजकांकडून दर आठवड्याला माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उलटा क्रम दिसला: आधी मेहनत, मग ओढ. स्वतः निवडलेलं काम पुढे सरकताना दिसलं की ते आवडू लागतं.

‘पैशासाठी सुरू केलेला धंदा टिकत नाही’

घरात मुलाची फी भरायची आहे म्हणून धंदा सुरू करणं यात कमीपणा काय आहे? इंदुरातल्या किती घरांत पापड-कुरडयांवर मुलं शिकली, ते आजूबाजूला विचारा. लवकर पैसा हाती यावा ही इच्छा आणि लवकर श्रीमंत व्हावं ही इच्छा, यात फरक आहे. पहिली धंद्याची गरज आहे. माल आज घेतला आणि पैसे चाळीस दिवसांनी आले, तर तेवढे दिवस भांडवल तुमचं अडकतं. आगाऊ पैसे घेऊन आठवड्याला एकच घाणा काढणाऱ्या वहिनींना थोड्या रकमेवर धंदा चालवता येतो. मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकाल तर कमिशनशिवाय ०.५ टक्का टीसीएस (जीएसटीपोटी) आणि वर्षाची विक्री पाच लाखांच्या वर गेली तर ०.१ टक्का टीडीएस (आयकरापोटी) कापून पैसे येतात. ते पुढे हिशेबात मिळतात, पण तोवर हातात नसतात. अशा वेळी पैशाकडे लक्ष असणाराच टिकतो.

‘ऑनलाइनला भांडवल लागत नाही’

थोडं लागतं, पण लागतं. पाकीट बंद करायचं सीलर, ग्रॅम दाखवणारा काटा, खोके, लेबलं. खाण्याच्या मालाला एफएसएसएआयची नोंदणी आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर. शिवाय घटक, हिरवी खूण, निव्वळ वजन, तारीख, सर्व करांसह किंमत, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणारा मध्यस्थ नको.

‘झटपट पैसा म्हणजे सापळा’

इथे मजकूर निम्मा बरोबर आहे. ‘रोज दोन तास, महिना पन्नास हजार’ अशा जाहिरातींपासून लांबच राहावं. पण सापळा ओळखायची खूण ‘पैसा लवकर मिळतो’ ही नाही. पैसा कोणाकडून येतो, ते विचारा. माल वापरणाऱ्याकडून येत असेल तर धंदा आहे. नव्याने जोडलेल्या माणसाच्या प्रवेशशुल्कातून येत असेल तर ती साखळी योजना, आणि तिच्यावर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांतही अशा साखळीला मनाई आहे. कामाआधी ‘अनामत’ मागणारे, आधी शंभर-दोनशे परत देऊन मग हजारो भरायला लावणारे, हे सरळ फसवणूक करणारे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

आणि माल न पाहता दुसऱ्याकडून परस्पर पाठवायचा धंदा? बेकायदा नाही, पण तक्रार तुमच्या नावाने येते आणि वस्तू तुम्ही हातात घेतलेलीही नसते. निदान एक नग स्वतः मागवून, वापरून, परत पाठवून पाहिल्याशिवाय त्यात पडू नये.

‘पहिलं वर्ष हिशेब पाहूच नका’ याऐवजी किती रक्कम घालायची ते आधी ठरवा. समजा पंधरा हजार, वेगळ्या बँक खात्यात, घरखर्चाला न जोडलेले. त्यातून अनोळखी लोकांच्या वीस आगाऊ ऑर्डरी मिळवायच्या. मावशी, आत्या, मंडळातल्या काकू यांच्या ऑर्डरी मोजायच्या नाहीत, त्या प्रेमाने घेतात. वीस पूर्ण झाल्या की दोन महिने थांबून पाहा, त्यातल्या किती घरांनी न सांगता पुन्हा मागवलं. चार-पाच घरं परत आली तर पुढचा खोका आणि पुढचं पीठ घ्या. एकही आलं नाही तर भाव, चव आणि पाकीट यांपैकी काय अडलं ते त्या वीस जणांना फोन करून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत नवा माल भरू नका. पंधरा हजार संपले तर थांबा. सीलर आणि काटा निम्म्या भावात सहज विकले जातात.